पुरुषांचे संततिनियमन आणि संप्रेरके

सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने २००७ साली एक योजना अंमलात आणली. नवविवाहित जोडप्याने पहिले अपत्य दोन वर्षे लांबविल्यास त्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबविल्यास ७,५०० रुपये द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ‘सेकंड हनिमून पॅकेज’ या खेळकर नावाने ती प्रसिद्ध झाली. हेतू मात्र गंभीर होता. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत पाळणा हललाच पाहिजे, या समजुतीमुळे अपरिपक्व वयात मातृत्व लादल्या जाणाऱ्या मुलींना थोडी उसंत मिळावी, ही त्यामागची दृष्टी होती.

या योजनेत सहभागी होऊ इच्छिणारे, कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर गावचे एखादे जोडपे डोळ्यांपुढे आणावे. दोन वर्षे अपत्य नको, तदनंतर हवे, एवढीच त्यांची गरज. पत्नीपुढे रोज घ्यावयाची गोळी आहे, तांबी आहे, आणि २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन आहे. पतीपुढे काय आहे? एक निरोध, दुसरी नसबंदी. नसबंदी ही ज्याला अपत्ये झाली आहेत आणि आणखी नकोत त्याच्यासाठी. नवविवाहिताला तिचा उपयोग नाही. म्हणजे निरोध नको असेल, तर काही काळापुरते आपले प्रजनन थांबवून पुढे ते पूर्ववत करण्याचे एकही साधन पुरुषाच्या हाती उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीवर विसंबणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. या विषमतेची सामाजिक कारणे सर्वपरिचित आहेत. तथापि तिच्या मुळाशी साधनांचे दारिद्र्य हेही एक कारण आहे, आणि ते दारिद्र्य दूर करण्याचा सत्तर-ऐंशी वर्षांचा प्रयत्न अद्याप का फळास आला नाही, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने मनावर घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार नवा नाही. विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले; त्यापायी त्यांना प्राध्यापकीस मुकावे लागले. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. रहिमतपूरचा या इतिहासाशी संबंध आडवळणाने का होईना पोहोचतो. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म रहिमतपूरचा, आणि त्यांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकातील नानासाहेब भानूंचे चरित्र रघुनाथरावांचे वडील धोंडो केशव कर्वे यांच्यावरून घेतलेले आहे. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी समाजाशी झुंजलेल्या त्या घरातच संततिनियमनाचा हा दुसरा झगडाही जन्मास आला.

कर्व्यांच्या हाती असलेली साधने भौतिक आणि रासायनिक होती. शुक्राणूंची वाट अडवावयाची किंवा त्यांना वाटेत मारावयाचे, यापलीकडे त्या काळी कोणास जाता येत नव्हते. शुक्राणू निर्माणच होऊ न देणे ही कल्पना शक्य झाली ती पुरुषी संप्रेरकाची रचना उलगडल्यानंतर. टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि अवघ्या चार वर्षांनी, १९३९ मध्ये, हेकेल या अमेरिकन वैद्याने एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले: टेस्टोस्टेरोनची इंजेक्शने दिलेल्या पुरुषाच्या वीर्यातील शुक्राणूंची संख्या घटते. पुरुषत्वाचे जे संप्रेरक, तेच बाहेरून दिल्यास पुरुषाचे प्रजनन थांबते. हा विरोधाभास नीट समजला, की पुढील सर्व संशोधनाचे मर्म हाती येते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक ठेक्याने स्रवते. त्याच्या आज्ञेने पोष ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात: एलएच आणि एफएसएच. स्त्रीच्या शरीरातील कार्यांवरून त्यांची नावे पडलेली असली, तरी पुरुषातही ती तितकीच महत्त्वाची आहेत. एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरोन बनविण्यास लावते. एफएसएच शुक्राणूंचे पोषण करणाऱ्या सर्टोली पेशींवर कार्य करते. तयार झालेले टेस्टोस्टेरोन रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते आणि ‘आता पुरे’ असा निरोप देते. मग अधोथॅलॅमस आणि पोष ग्रंथी आपला हात आखडता घेतात. पाण्याची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. टेस्टोस्टेरोन वृषणातच बनत असल्यामुळे तेथील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या पन्नास ते शंभर पट असते, आणि शुक्राणूंच्या निर्मितीस एवढे दाट प्रमाण आवश्यक असते. दाढीमिशा, आवाज, स्नायूंचे बळ, कामेच्छा यांना मात्र रक्तातील विरळ प्रमाण पुरते. आता टेस्टोस्टेरोन बाहेरून इंजेक्शनाने दिले, तर मेंदूला टाकी भरलेली दिसते. एलएच आणि एफएसएच बंद होतात. वृषणातील लायडिग पेशी काम थांबवितात आणि तेथील टेस्टोस्टेरोनची पातळी कोसळते. रक्तातील पातळी मात्र इंजेक्शनामुळे नेहमीसारखी राहते. परिणामी पुरुषाचे पुरुषपण अबाधित राहून शुक्राणूंची निर्मिती तेवढी थंडावते. पुरुषाच्या संप्रेरकीय संततिनियमनाची सारी इमारत या एका फरकावर, रक्तातील व वृषणातील पातळ्यांच्या अंतरावर, उभी आहे.

स्त्रीच्या गोळीची रीत तत्त्वतः हीच. तीही पोष ग्रंथीलाच फसविते. मग स्त्रीची गोळी १९६० साली अमेरिकेत बाजारात आली आणि पुरुषाचे औषध अद्याप प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर का अडखळले आहे? सामान्यतः याचे उत्तर ‘स्त्रीचे महिन्याला एक बीज अडवावयाचे, तर पुरुषाचे रोजचे कोट्यवधी शुक्राणू’ असे दिले जाते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पोष ग्रंथीचे दार एकच आहे; ते लावले तर कोट्यवधींचाही ओघ थांबतो. खरी अडचण वेळेची आहे. वृषणातील मूळ पेशीपासून परिपक्व शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, आणि त्यानंतर अधिवृषणातून त्याचा प्रवास व्हावयाचा असतो. आज दार लावले, तरी आधीच वाटेला लागलेली रांग संपण्यास अडीच-तीन महिने जातात. तोवर जोडप्याला दुसरे साधन वापरावे लागते. शिवाय दार लागले की नाही, हे स्त्रीच्या मासिक पाळीसारख्या कोणत्याही बाह्य खुणेवरून पुरुषास कळत नाही. वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून शुक्राणू मोजावे लागतात.

दुसरी अडचण टेस्टोस्टेरोनच्या स्वभावाची. पोटात घेतलेले टेस्टोस्टेरोन आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तेथेच बव्हंशी नष्ट होते. ते टिकावे म्हणून त्याच्या रेणूत केलेले आरंभीचे फेरफार यकृतालाच बाधक ठरले. यास्तव संशोधनाचा भर प्रदीर्घ काळ इंजेक्शनावर राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी हा या क्षेत्रातील पहिला मोठा टप्पा होय. सात देशांतील दहा केंद्रांत २७१ पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन एनान्थेट टोचण्यात आले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही, आणि त्यांनी वर्षभर अन्य कोणतेही साधन वापरले नाही. या काळात एकच गर्भधारणा झाली. म्हणजे दर १०० व्यक्तिवर्षांमागे ०.८. तत्त्व सिद्ध झाले. परंतु सुमारे एकतृतीयांश पुरुषांत शुक्राणू पूर्णपणे नाहीसे झालेच नव्हते. अशांचे काय, हा प्रश्न दुसऱ्या चाचणीने हाती घेतला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नऊ देशांतील ३९९ पुरुष होते. ज्यांचे वीर्य शुक्राणुरहित झाले होते त्यांच्या बाबतीत २३० व्यक्तिवर्षांत एकही गर्भधारणा झाली नाही. ज्यांच्या वीर्यात मिलिलिटरमागे १ ते ३० लाख शुक्राणू उरले होते, त्यांच्या गटात हे प्रमाण १०० व्यक्तिवर्षांमागे ८.१ होते; दोन्ही गट मिळून १.४. या आकड्यांतून पुढील संशोधकांनी एक व्यवहार्य मर्यादा ठरविली: मिलिलिटरमागे १० लाख किंवा त्याहून कमी. निरोगी पुरुषात हा आकडा सामान्यतः दीड कोटीच्या वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे मर्यादा किती खाली आहे याची कल्पना येईल.

या चाचण्यांतून एक अनपेक्षित गोष्टही दिसून आली. चीन आणि इंडोनेशिया येथील नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वीर्य नुसत्या टेस्टोस्टेरोनने शुक्राणुरहित झाले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास राहिले. आहार, वृषणाची घडण, आनुवंशिकता अशी विविध कारणे सुचविली गेली, पण सर्वमान्य उलगडा झालेला नाही. एका खंडात सिद्ध झालेले औषध दुसऱ्या खंडात तसेच लागू पडेल असे धरून चालणे किती घातक, याचा हा उत्तम धडा होता. चीनने या अनुकूलतेचा लाभ घेतला. चहाच्या बियांच्या तेलातील टेस्टोस्टेरोन अनडेकॅनोएट महिन्यातून एकदा ५०० मिलिग्रॅम या मात्रेने १,०४५ पुरुषांना देऊन तेथील संशोधकांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४.८ टक्के पुरुषांत शुक्राणू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. उरलेल्यांत अपयशाचे प्रमाण शंभरी सुमारे १.१ होते. निरोधाच्या प्रत्यक्ष वापरातील अपयशाशी तुलना करता ही कामगिरी कितीतरी उजवी आहे.

अन्यत्र मात्र टेस्टोस्टेरोनला साथीदाराची आवश्यकता होती. तो प्रोजेस्टिन या वर्गातील संप्रेरकांत सापडला. स्त्रीच्या गोळीतील हाच घटक पुरुषाच्या पोष ग्रंथीसही आवरतो. दोहोंच्या संयोगाने दार अधिक लवकर आणि अधिक घट्ट लागते, आणि टेस्टोस्टेरोन फक्त रक्तातील तूट भरून काढण्यापुरते द्यावे लागते. या जोडीची सर्वांत गाजलेली चाचणी म्हणजे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय चाचणी. ३२० पुरुषांना दर आठ आठवड्यांनी १,००० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन अनडेकॅनोएट व २०० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरोन एनान्थेट टोचण्यात आले. २४ आठवड्यांत ९५.९ टक्के पुरुषांची शुक्राणुसंख्या १० लाखांच्या खाली आली. परिणामकारकतेच्या टप्प्यात दाखल झालेल्या २६६ पुरुषांच्या जोडीदारांत चार गर्भधारणा झाल्या, प्रमाण १.५७.

एवढे यश मिळूनही ही चाचणी २०११ मध्येच थांबविण्यात आली होती. सुरक्षिततेचे परीक्षण करणाऱ्या एका बाह्य समितीने खिन्नता, मनःस्थितीतील चढउतार, टोचल्या जागी होणाऱ्या वेदना यांच्या तक्रारी पाहून पुढील इंजेक्शने बंद करण्याचा निर्णय घेतला. २०१६ मध्ये हे वृत्त जगभर पसरले तेव्हा ‘पुरुषांना थोडेसेही सोसवेना’ अशी कुचेष्टा झाली. ती अन्यायाची होती. चाचणी पुरुषांनी सोडली नव्हती, समितीने थांबविली होती. सहभागी पुरुषांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी हे साधन पुढेही वापरण्याची तयारी दर्शविली होती. परंतु समितीलाही उतावळी म्हणता येत नाही, कारण सहभागी पुरुषांपैकी एकाची आत्महत्या झाली होती. संशोधकांनी तिचा औषधाशी संबंध नसल्याचे मत दिले, तरी असे प्रकरण पुढ्यात असता मानसिक तक्रारींकडे काणाडोळा करणे कोणत्याही परीक्षकास कठीणच. चाचणीच्या रचनेत एक उणीव होती, आणि विद्यार्थ्यांनी ती नीट पारखावी. औषधविरहित इंजेक्शन मिळणारा तुलनेचा गट तिच्यात नव्हता. त्यामुळे कोणती खिन्नता औषधाची आणि कोणती आयुष्याची, हे सांगण्याचे साधनच हाती नव्हते. त्यातच पुष्कळशा तक्रारी एकाच केंद्रातून आल्या होत्या. ज्या चाचणीत गर्भधारणा टाळणे हेच जोडप्याचे उद्दिष्ट असते, तीत खोटे औषध देणे नीतीला धरून होत नाही, ही उणीवेमागील खरी अडचण. परंतु शुक्राणूंचा ओघ थांबेपर्यंतच्या पहिल्या तीन महिन्यांत जोडपी अन्य साधन वापरतच असतात. मनःस्थितीवरील परिणामांपुरती तुलना त्या काळात करता आली असती.

येथे संततिनियमनाच्या नीतिशास्त्रातील एक अवघड गाठ उघड होते. औषधाचा धोका नेहमी रोगाच्या धोक्याशी ताडून पाहिला जातो. स्त्रीच्या बाबतीत हे ताडणे सरळ आहे: गोळीने रक्ताची गाठ होण्याचा संभव थोडा वाढतो, पण गर्भारपणात तो त्याहून अधिक असतो, आणि दोन्ही धोके एकाच देहाला आहेत. पुरुषाच्या बाबतीत औषध एका देहात जाते आणि टळणारे गर्भारपण दुसऱ्या देहाचे असते. प्रचलित मोजपट्टीने पाहिले, तर पुरुषाच्या पारड्यात केवळ धोका पडतो, लाभ शून्य. त्यामुळे जे दुष्परिणाम स्त्रीच्या गोळीत अर्धशतकाहून अधिक काळ मान्य झाले आहेत, ते पुरुषाच्या औषधात अमान्य ठरतात. जोडप्याचा धोका एकत्र मोजावा, असा पक्ष अलीकडे मांडला जातो, आणि तो विचारार्ह आहे. तथापि त्यातही एक फट आहे. ‘जोडप्याच्या हितासाठी’ एकाने सोसावे, हे तत्त्व आजवर स्त्रीच्या अंगावर किती सहज ढकलले गेले, याचा अनुभव आपल्यापाशी आहे. ते पुरुषाला लावताना त्याच्या संमतीचा प्रश्न तितक्याच काटेकोरपणे सोडवावा लागेल.

संमतीचा विषय निघाला की महाराष्ट्राला १९७६ ची आठवण टाळता येणार नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक राज्य विधिमंडळात संमत करण्यापर्यंत महाराष्ट्राची मजल गेली होती; राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. त्यानंतर पुरुष नसबंदी जी कोसळली ती पुन्हा सावरली नाही. वस्तुतः त्याआधी याच राज्यात पुरुषांनी स्वेच्छेने पुढे यावे यासाठी बरेच काम झाले होते. शकुंतला परांजपे यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी प्रचार केला, मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी १९६० च्या दशकात रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली; डॉ. जी. एम. फडके यांनी कापलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविले आणि त्यावरील अनुभव १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. एका वर्षाच्या जुलुमाने ही पुण्याई धुऊन नेली. पुरुषांसाठी कोणतेही नवे साधन आले, तरी त्याची पहिली गाठ औषधशास्त्राशी पडण्याआधी या स्मृतीशी पडणार आहे.

संप्रेरकांच्या संशोधनात मुंबईचाही वाटा आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे. परळ येथे १९५४ मध्ये गर्भनिरोधक साधनांची परीक्षा करणारे एक लहानसे पथक स्थापन झाले. त्यातूनच १९७० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. तेथे ए. आर. शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इनहिबिन’ या संप्रेरकाचा ध्यास घेतला. वृषणातून निघणारा एखादा जलविद्राव्य पदार्थ पोष ग्रंथीला आवर घालीत असावा, असे मॅककलॉ याने १९३२ मध्ये सुचविले होते आणि त्यास हे नाव दिले होते. कल्पना मोहक होती. टेस्टोस्टेरोन एलएच आणि एफएसएच या दोहोंना बंद पाडते; इनहिबिन केवळ एफएसएचला रोखते. तेव्हा इनहिबिन औषध म्हणून देता आले, तर लायडिग पेशी आपले काम चालू ठेवतील, टेस्टोस्टेरोन बाहेरून द्यावेच लागणार नाही आणि शुक्राणूंची निर्मिती तेवढी थांबेल, अशी अपेक्षा होती.

परळच्या प्रयोगशाळेने हा पदार्थ मानवी वीर्यद्रवातून वेगळा करण्याचा मार्ग धरला. १९८४ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांच्या सहकार्याने ९४ ॲमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची संपूर्ण शृंखला ‘बीटा-इनहिबिन’ या नावाने प्रसिद्ध झाली. आणि दुसऱ्याच वर्षी पाया हलला. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियासह अनेक देशांतील प्रयोगशाळांनी अंडपुटकातील द्रवातून जे इनहिबिन शुद्ध केले, ते दोन घटकांनी बनलेले सर्वस्वी निराळे, मोठे प्रथिन होते; खरे इनहिबिन तेच, हे यथावकाश सर्वमान्य झाले. वीर्यद्रवातील ते ९४ ॲमिनो आम्लांचे प्रथिन मुख्यतः प्रॉस्टेट ग्रंथीत बनते असे आढळून आले आणि ‘बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन’ असे त्याचे नवे नामकरण झाले. वीर्यद्रवात ते विपुल सापडत होते याचे कारणही हेच.

याला अपयश म्हणावे काय? शृंखला अचूक होती. चूक होती ती नावात आणि त्या नावावर लादलेल्या कार्यात. पुढे त्याच संस्थेत या प्रथिनाचा अभ्यास प्रॉस्टेटच्या कर्करोगाच्या संदर्भात चालू राहिला. मूळ कल्पनेवर मात्र निसर्गानेच वेगळ्या बाजूने पाणी फिरविले. १९९७ मध्ये एफएसएचचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले. नरांची वृषणे लहान होती, पण त्यांना पिल्ले झाली. त्याच वर्षी फिनलंडमधून एफएसएचचा ग्राहक सदोष असलेल्या पुरुषांचे वर्णन आले. त्यांपैकी काहींना अपत्ये होती. एफएसएच शुक्राणूंची संख्या व प्रत वाढविते, पण पुरुषात त्यावाचून प्रजनन अगदीच अडत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. खरे इनहिबिन हाती असते, तरीही त्यावर विसंबणारे गर्भनिरोधक भरवशाचे ठरले नसते.

सांप्रत सर्वांत पुढे गेलेले साधन म्हणजे खांद्यांवर चोळावयाचे मलम होय. नेस्टोरोन हे प्रोजेस्टिन आणि टेस्टोस्टेरोन यांचे हे मिश्रण पॉप्युलेशन कौन्सिल व अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एक यांनी मिळून विकसित केले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या चाचणीतील २२२ पुरुषांचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले: पंधराव्या आठवड्यापर्यंत ८६ टक्के पुरुष १० लाखांच्या मर्यादेखाली आले, आणि निम्म्या पुरुषांना त्यासाठी आठ आठवड्यांहून कमी काळ लागला. आधीच्या साधनांपेक्षा हा वेग अधिक आहे. गोळीच्या रूपात घेता येतील अशी डीएमएयूसारखी संयुगे अद्याप प्राथमिक चाचण्यांच्या पायरीवर आहेत.

संप्रेरकांना वगळून जाणारे मार्गही आहेत, त्यांचा उल्लेख ओघाने करावयाचा. चीनने सरकीतील गॉसिपोल हजारो पुरुषांना देऊन पाहिले. रक्तातील पोटॅशियम घटल्यामुळे आणि काहींचे प्रजनन कायमचे गेल्यामुळे ते सोडावे लागले. खरगपूरच्या सुजय गुहा यांचे शुक्रवाहिनीत टोचावयाचे ‘रिसग’ ३०३ पुरुषांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून २०२३ मध्ये यशस्वीपणे बाहेर पडले आहे. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेतील तुरुंगात कैद्यांवर आजमावलेले एक संयुग शुक्राणू उत्तम रीतीने थांबवीत असे. पण बाहेर येऊन मद्य घेणाऱ्यास ओकारी, घाम व धडधड सुरू होई, कारण मद्य पचविणारे यकृतातील विकर आणि शुक्राणूंसाठी जीवनसत्त्व अ पासून रेटिनॉइक आम्ल बनविणारे वृषणातील विकर ही एकाच कुळातील निघाली. त्याच रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक अडविणारे ‘वायसीटी-५२९’ हे नवे औषध अलीकडे १६ पुरुषांवरील पहिल्या चाचणीतून गेले आहे.

आता पुन्हा रहिमतपूरकडे वळावे. मलम रोज चोळावयाचे, ते सुकेपर्यंत अंग झाकावयाचे नाही, आणि त्या जागेचा स्पर्श पत्नीला वा घरातील लहान मुलांना होऊ द्यावयाचा नाही, कारण टेस्टोस्टेरोन कातडीवरून कातडीवर जाते. ज्याने दिवसभर उसाच्या फडात घाम गाळावयाचा आणि ज्याच्या घरात सहा-सात माणसे दोन खोल्यांत निजतात, त्याने हे नियम कसे पाळावयाचे, याचा विचार अमेरिकेतील चाचणीत होण्यासारखा नाही. दोन महिन्यांनी एकदा घ्यावयाचे इंजेक्शन तेथे अधिक सोयीचे ठरेल. सातारा जिल्ह्यातील पुरुषांची मुंबईची वाट गिरण्यांच्या काळापासून रुळलेली आहे. गिरण्या गेल्या तरी माथाडी कामापासून इतर नोकऱ्यांपर्यंत ती चालूच आहे. पती जत्रेला वा सुटीला चार दिवस गावी येतो, अशा घरात पत्नीने वर्षभर रोज गोळी घेणे हे औषधाचा अपव्यय करण्यासारखे आहे. पण पुरुषाचे औषधही येताना एसटीत बसल्यावर घेऊन चालत नाही; जत्रेच्या तीन महिने आधी त्याचा आरंभ व्हावा लागतो. शिवाय त्या तीन महिन्यांच्या शेवटी एकदा, आणि पुढेही मधूनमधून, वीर्य तपासून घ्यावे लागते. रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा गावात असली, तरी ओळखीच्या तंत्रज्ञाच्या हाती वीर्याची बाटली देण्यास किती नवविवाहित धजतील, हा औषधाच्या मात्रेइतकाच खरा प्रश्न आहे.

आणि शेवटी परत येण्याचा हिशेब. संप्रेरके थांबविल्यावर शुक्राणू कधी परततात, याचा शोध १,५४९ पुरुषांच्या नोंदी एकत्र करून २००६ मध्ये घेण्यात आला. संख्या मिलिलिटरमागे २ कोटींवर परत येण्यास निम्म्या पुरुषांना ३.४ महिन्यांहून कमी काळ लागला. सहा महिन्यांत ६७ टक्के, बारा महिन्यांत ९० टक्के, आणि चोवीस महिन्यांत सर्वच्या सर्व पूर्ववत झाले. २००७ च्या योजनेतील दोन वर्षांच्या मुदतीला हे गणित लावून पाहिले, तर पतीने लग्नानंतर लगेच औषध सुरू केले असता पहिले तीन महिने निरोध वापरावा लागेल, पुढील एकवीस महिने औषधाच्या भरवशाचे, आणि ते थांबविल्यावर दहांपैकी एका जोडप्यास वर्षाहून अधिक काळ थांबण्याची तयारी ठेवावी लागेल. त्या काळात विलंबाचा दोष सुनेच्या माथी मारला जाऊ नये, म्हणून हे आकडे पहिल्या इंजेक्शनापूर्वीच पती-पत्नी दोघांना एकत्र बसवून सांगावे लागतील, आणि औषध थांबविल्यापासून दरमहा पतीच्या शुक्राणूंची मोजणी करून तिची नोंद दोघांच्याही हाती द्यावी लागेल.